‘कीप मी पोस्टेड’ म्हटलं की नेमकं काय करायचं

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, सावदा पट्ट्यातली केळी पूर्वी ट्रकने नाहीतर रेल्वेने उत्तरेकडे जायची. अजूनही जातात, पण आता त्यातला निवडक माल खोक्यांत भरून आखाती देशांतही जातो. तिकडून मालाच्या भावाबरोबर इंग्रजी मेल येतात, आणि त्यांच्या शेवटी हमखास एक ओळ असते : ‘प्लीज कीप मी पोस्टेड.’

ओळखीतल्या एका पॅकहाउसमध्ये अशीच मेल आली. दुबईच्या खरेदीदाराने लिहिलं होतं, ‘कीप मी पोस्टेड ऑन द लोडिंग.’ ऑफिसात बसणारा पोरगा कॉमर्सचा पदवीधर, मोबाइलवर हात बसलेला. कंटेनर भरला जात असताना त्याने झकास फोटो काढले आणि फेसबुकवर टाकले. वर ओळ लिहिली, ‘आपली केळी निघाली दुबईला!’ लाइकही भरपूर पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून फोन आला : कंटेनर निघाला का, सील नंबर काय, आतलं तापमान किती लावलंय, बंदरावर कधी पोचेल? यातलं एक अक्षरही त्या खरेदीदाराला कोणी कळवलेलं नव्हतं. पोराला मात्र कळेना की आपलं चुकलं कुठे. पोस्ट करायला सांगितलं, पोस्ट केलं.

पोराला हसण्यात अर्थ नाही. ‘पोस्ट’ हा शब्द आपल्याकडे इतक्या वाटांनी आला आहे की गोंधळ व्हायचाच. पोस्टात पत्र टाकायचं, पोलिसात पोस्टिंग व्हायचं, क्लासच्या जाहिरातीचं पोस्टर लागायचं, फेसबुकवर पोस्ट टाकायची. पण ‘कीप मी पोस्टेड’मधला पोस्ट या चारींपैकी एकही नाही.

या वाक्प्रचाराचा अर्थ असा : या कामात जे काही नवीन घडेल ते मी न विचारता मला कळवत राहा. यात तीन गोष्टी गुंतल्या आहेत आणि तिन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली, काम चालू असलं पाहिजे, त्यात घडामोड होणार असली पाहिजे. दुसरी, एकदा सांगून भागणार नाही, शेवटपर्यंत सांगायचं आहे. आणि तिसरी, जिच्याकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती : विचारण्याची जबाबदारी संपली, सांगण्याची सुरू झाली. ‘अपडेट काय?’ असा फोन आला तर विचारणाऱ्याने विचारलं, आपण उत्तर दिलं, विषय मिटला. ‘कीप मी पोस्टेड’ म्हणणारा मात्र सांगतो आहे की मी आता फोन करणार नाही, तुमच्या भरवशावर बसलो आहे. म्हणजे दुबईवाल्याला दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करावा लागला, तिथेच या कराराचा भंग झाला.

मराठीत हा फरक एका क्रियापदात मावतो. ‘पोचल्यावर कळव’ वेगळं आणि ‘कळवत जा’ वेगळं. मुलगा शिकायला पुण्याला निघाला की आई म्हणायची, ‘खुशाली कळवत जा.’ त्याचा अर्थ एक कार्ड टाकून मोकळा हो असा कधीच नव्हता. अहिराणीत तर ‘सांगजो’ आहे. ‘माले सांगजो’ म्हणजे आत्ताच्या आत्ता नव्हे, पुढे कळेल तेव्हा सांग. ते आठवणीत ठेवायचं काम तुझं. इंग्रजी वाक्प्रचाराच्या अगदी बाजूला नेऊन बसवावा असा हा प्रत्यय आहे. ज्याला घरात ‘सांगजो’ ऐकायची सवय आहे त्याला ‘कीप मी पोस्टेड’ समजायला डिक्शनरी लागू नये.

व्याकरण बघायचं तर इथे ‘पोस्टेड’ ही कृती नसून अवस्था आहे. ‘कीप द डोअर क्लोज्ड’ म्हणजे दार लावलेलं ठेव. तसंच ‘कीप मी पोस्टेड’ म्हणजे मला खबर असलेला ठेव. आपणही चूल पेटती ठेव म्हणतोच की. म्हणून ‘कीप मी पोस्ट’ किंवा ‘कीप मी पोस्टिंग’ हे दोन्ही चूक. ज्या विषयाची खबर हवी त्याच्या आधी ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ येतं : ‘कीप मी पोस्टेड ऑन द रेट्स’, भावाचं कळवत राहा. आपल्याकडून आश्वासन द्यायचं असेल तर ‘आय विल कीप यू पोस्टेड’. झालेलं सांगायचं असेल तर ‘ही केप्ट अस पोस्टेड’, त्याने आम्हाला वेळोवेळी कळवलं. हल्ली ‘स्टे पोस्टेड’ असंही ऐकू येतं. तो बहुतेक ‘स्टे ट्यून्ड’शी झालेला घोटाळा असावा. ‘स्टे ट्यून्ड’ रेडिओचं, काटा हलवू नका म्हणणारं. ते ऐकणाऱ्यांच्या गर्दीला सांगतात. ‘पोस्टेड’ मात्र ठरावीक माणसाला ठेवायचं असतं.

आता हा ‘पोस्टेड’ आला कुठून? बहुतेकांचा समज असा की पोस्टाने पत्र पाठवत राहा, म्हणून पोस्टेड. काही जण सांगतात की पूर्वी गावात खांबावर सूचना चिकटवत, खांब म्हणजे पोस्ट, म्हणून पोस्टेड. दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. खरा धागा मात्र हिशेबाच्या वहीतून येतो, आणि तो धागा जळगावच्या दाणा बाजारात किंवा कुठल्याही आडतीच्या दुकानात बसलेल्या मुनिमाला आपल्यापेक्षा लवकर सापडेल.

जुन्या पद्धतीने वह्या ठेवणाऱ्या पेढीवर दोन वह्या मुख्य. एक कीर्द, म्हणजे रोजमेळ. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने तिच्यात उतरायचं : सकाळी अमुक शेतकऱ्याचे दहा क्विंटल आले, दुपारी हमाली दिली, संध्याकाळी तमुक व्यापाऱ्याचे पैसे जमा. दुसरी खतावणी. तिच्यात प्रत्येकाचं पान वेगळं. रात्री दिवाबत्ती झाली की मुनीम कीर्द उघडून बसायचा आणि तिच्यातली एकेक नोंद उचलून ज्याच्या-त्याच्या पानावर नेऊन मांडायचा. या मांडण्याला मराठीत खतावणी करणं म्हणतात, कॉमर्सच्या पुस्तकात अजून तोच शब्द आहे. इंग्रजीत त्यालाच ‘पोस्टिंग’ म्हणतात. इटलीचा गणिती भिक्षू लुका पाचोली याने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांच्या या वह्यांची रीत सविस्तर मांडून ठेवली आहे, आणि इंग्रजीत या अर्थाने ‘पोस्ट’ हे क्रियापद 17व्या शतकापासून वापरात आहे.

खतावणी रोजच्या रोज झाली तर वही चोख. शेतकरी दारात उभा राहून म्हणाला, ‘शेठ, माझं काय निघतं?’ तर त्याचं पान उघडलं की उत्तर तयार. खतावणी आठ दिवस तुंबली की कीर्दीत सगळं असूनही कोणालाच काही सांगता येत नाही. पानं उलटत, बोटांवर मोजत बसावं लागतं. ज्याची खतावणी आजपर्यंत झालेली आहे अशी वही म्हणजे ‘पोस्टेड अप’. 19व्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत हीच भाषा माणसांना लागू झाली. ज्याला बाजाराची, राजकारणाची, गावगप्पांची ताजी माहिती आहे तो ‘वेल पोस्टेड’ माणूस. तिथून ‘कीप मी पोस्टेड’ : माझं पान कोरं राहू देऊ नकोस, नोंद झाली की माझ्या पानावर मांड.

त्याच सुमाराला इकडे खान्देशातही खबरेला सोन्याचं मोल आलं होतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथल्या दक्षिणेचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपलं तसे ते कोसळलेही. शेतात बोंड तेच, कापूस तोच. भाव ठरत होता समुद्रापलीकडच्या बातमीवर. ज्याला ती आधी कळली तो तरला.

हे मूळ ध्यानात ठेवलं की पॅकहाउसच्या पोराने काय पाठवायला हवं होतं ते आपोआप सुचतं. फोटो ही कीर्द झाली, आज इथे काय-काय घडलं त्याची. खरेदीदाराला हवी होती त्याच्या पानावरची नोंद : किती खोकी चढली, दार बंद कधी झालं, सील नंबर, तापमान, गाडी किती वाजता निघाली, बंदराच्या गेटात कधी शिरली, जहाज कोणत्या तारखेला सुटणार. तापमानाची चौकशी तो उगाच करत नव्हता. हिरवी केळी साधारण 13-14 अंश सेल्सिअसला नेतात. त्याहून फार थंडी लागली तर साल काळवंडते आणि पिकवल्यावर पिवळाधमक रंग येत नाही. ऊब लागली तर वाटेतच पिकायला लागतात. दोन्हीकडे नुकसान त्याचं. त्याला दोन ओळी रोज मिळाल्या असत्या तर तो निवांत झोपला असता.

वाक्य छोटं आहे, पण कोण कोणाला म्हणतो यावर त्याचा सूर ठरतो. वरिष्ठाने कनिष्ठाला म्हटलं की ती विनंतीच्या कपड्यातली आज्ञा असते. मित्राने म्हटलं की आपुलकी : वडिलांना जळगावला दवाखान्यात हलवलंय म्हटल्यावर मित्र लिहितो ‘कीप मी पोस्टेड’, तेव्हा तो काळजी करतोय. ग्राहकाने म्हटलं की सौम्य तगादा. पण तुम्ही स्वतः बँकेच्या मॅनेजरला किंवा सरकारी अधिकाऱ्याला अर्जाखाली ‘कीप मी पोस्टेड’ लिहू नका. शब्द सभ्य असला तरी खालून वर गेला की हुकमासारखा वाजतो, आणि शिवाय तो बोलीतला, सैलसर आहे. तिथे ‘काइंडली कीप मी इन्फॉर्म्ड’ बरं दिसतं. आपल्याकडे नाही का, मित्राला ‘कळव रे’ आणि तहसीलदारांना ‘कृपया अवगत करावे’.

हेच वाक्य उलट्या दिशेने आलं की सावध व्हायचं. मुलाखत संपते, साहेब हात मिळवतात आणि म्हणतात, ‘वी विल कीप यू पोस्टेड.’ नवखा उमेदवार घरी येऊन पेढे आणायला निघतो. खरं तर मुलगी बघून झाल्यावर, पोहे संपवून, चपला घालता घालता पाहुणे जे ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात, त्याच जातीचं हे वाक्य आहे. कधी खरंच कळवतात, बऱ्याचदा कळवत नाहीत, आणि न कळवणं हेच कळवणं असतं. फरक ओळखायची एक युक्ती आहे. ‘कधीपर्यंत कळेल?’ असं सरळ विचारावं. ज्याला खरोखर कळवायचं असतं तो दिवस सांगतो, निदान आठवडा तरी. ज्याला टाळायचं असतं तो ‘लवकरच’ म्हणतो.

‘कीप मी पोस्टेड’च्या घरातलीच आणखी दोन भावंडं आहेत आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. एक ‘कीप मी इन द लूप’. दोन्हींत माहिती मिळते, पण लूपमध्ये असलेला माणूस चर्चेच्या रिंगणात असतो. ठरवताना त्याचं म्हणणं विचारात घेतलं जातं, निदान त्याच्या कानावर तरी घातलं जातं. घरात सोयरीक जुळवायची आहे असं धरा. मुलीचा मामा धुळ्यात राहतो, चुलतभाऊ सुरतेला हिरे-कापडाच्या कामात. सुरतेच्या भावाला पोस्टेड ठेवलं की पुरे : पाहुणे येऊन गेले, पसंती आली, साखरपुडा अमुक तारखेला, तिकीट काढून ठेव. मामाला तेवढ्यावर भागवून बघा! देण्याघेण्याचं ठरलं, तारीख ठरली, हॉलही बुक झाला आणि मग मामाला व्हॉट्सअ‍ॅप गेला, तर मामा लग्नात येईल पण तोंड फुगवूनच. त्याला खबर नको होती असं नाही, त्याला बैठकीत जागा हवी होती. तो ‘आउट ऑफ द लूप’ राहिला. मोठ्या राजकारणातही हाच शब्द पळवाट म्हणून वापरला जातो. 1986 साली उघडकीला आलेल्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणात, म्हणजे इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवल्याच्या भानगडीत, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश आपण त्या निर्णयांच्या लूपमध्ये नव्हतो असंच सांगत राहिले. ‘मला कळलं नव्हतं’ यापेक्षा ‘मला विचारलंच नव्हतं’ हे म्हणणं किती सोयीचं असतं बघा.

दुसरं भावंड ‘हेड्स-अप’. ही आगाऊ सूचना. फरक पाहायचा तर पावसाळ्यात तापीकाठी यावं. वर मध्य प्रदेशात आणि विदर्भात जोराचा पाऊस झाला की भुसावळजवळच्या हतनूर धरणात पाण्याची आवक वाढते. 41 दरवाज्यांचं हे धरण. दरवाजे उघडण्याआधी काठावरच्या गावांना इशारा जातो : नदीपात्रात उतरू नका, गुरं-ढोरं, मोटारी वर काढा. हा हेड्स-अप, तो घटनेच्या आधी येतो. मग पाणी सुटल्यावर किती दरवाजे, किती मीटरने उघडले, विसर्ग किती क्युसेक, वाढवला की कमी केला, हे दर थोड्या वेळाने येत राहतं. हे पोस्टेड ठेवणं. ज्याची पाण्याची मोटार नदीत आहे त्याला इशारा एकदाच मिळून पुरत नाही, रात्री दोन वाजता विसर्ग वाढला तेही कळायला हवं असतं.

याच्यातच एक बारकावा आहे. नवीन काहीच घडलं नाही तर कळवायचं का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं, सांगायला काही नसताना उगाच कशाला. मला हे पटत नाही. वाट पाहणाऱ्याच्या बाजूने शांततेचे दोन अर्थ होतात : एक, काही घडलं नाही, दोन, घडलं पण सांगायचं राहिलं. त्याला यातला कोणता धरायचा ते कळत नाही, म्हणून तो शेवटी फोन करतोच. ‘जहाज अजून आलेलं नाही, उद्या सकाळी पुन्हा कळवतो’ ही ओळ वरवर रिकामी वाटते, पण तिने त्याचा दिवस मोकळा होतो. इंग्रजीत ती ‘नो चेंज येट, विल अपडेट टुमॉरो मॉर्निंग’ इतक्यात बसते. उलट दर दहा मिनिटाला मेसेज टाकून समोरच्याचा जीव नकोसा करणारेही असतात. गाडी नशिराबादला आली, गाडी एरंडोलला आली, गाडी पारोळ्याला चहाला थांबली. चहाचं नाही कळवलं तरी चालतं. बदल झाला की, किंवा ठरलेली वेळ आली की, एवढं पुरे.

उत्तर देताना ‘ओके, पोस्टेड’ असं लिहू नये. त्याचा अर्थ ‘टाकलं पोस्टात’ असा काहीतरी लागतो. ‘शुअर, विल डू’ एवढं छान पुरतं. आणि लगेच त्याच उत्तरात पहिली नोंद दिली तर उत्तम, म्हणजे समोरच्याला कळतं की याला अर्थ समजला आहे : ‘शुअर. लोडिंग स्टार्ट्स ॲट फोर, विल मेसेज यू व्हेन द डोअर इज सील्ड.’ कुठे कळवायचं तेही तेव्हाच ठरवून टाकावं. मेलवर मागणारा माणूस मेल बघतो, व्हॉट्सअ‍ॅप बघतोच असं नाही; आणि फेसबुक, त्याचं तर वर झालंच.

शेवटची गोष्ट म्हणजे थांबायचं कधी. माल पोचला, दार उघडलं, केळी हिरवीगार निघाली की काम संपलं. तेही एका ओळीत बंद करावं लागतं, नाहीतर समोरचा आणखी काही येईल म्हणून बघत राहतो. ‘दिस शिपमेंट इज क्लोज्ड फ्रॉम अवर साइड’ असं लिहून पुढच्या कंटेनरची तारीख विचारावी.